कपाटातल्या डीव्हीडी आणि २००३ साल

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही हाती ती पिशवी लागली असेलच. काळी, चेन लावलेली, पुस्तकासारखी उघडणारी. आत प्लास्टिकच्या कप्प्यांत चकत्या आणि त्यांवर मार्करने लिहिलेलं: 'लग्न भाग १', 'लग्न भाग २', 'मुंज', 'गणपती २००६', 'नाटक फायनल', आणि एकीवर नुसतंच 'बाबा'. आपण अबुधाबी शहरातल्या फ्लॅटमधून खलिफा सिटीत आलो, तेव्हा तिला खलिफा सिटी ए म्हणत. मग एका व्हिलातून दुसऱ्या व्हिलात गेलो. दर वेळी ही पिशवी सामानाबरोबर आली आणि दर वेळी न उघडता वरच्या फळीवर गेली. उघडून करायचं काय? नव्या लॅपटॉपला चकती घालायची खाचच नाही, आणि टीव्हीखालचा प्लेअर कुणाला देऊन टाकला तेही आता आठवत नाही.

मग मंडळाच्या कार्यक्रमात, फराळाच्या ताटाभोवती कुणीतरी विचारतं, "काय हो, या डीव्हीडींच्या फायली करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" उत्तरादाखल पाच जण सहा नावं सांगतात. सांगणारा प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, कारण ती नावं वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या कामांसाठी घडलेली असतात. कुठलं कशासाठी जन्मलं हे कळलं की निवड सोपी होते. म्हणून मी तुम्हाला आधी थोडा इतिहास सांगणार आहे आणि सॉफ्टवेअरचं नाव मागाहून.

काही वर्षं अशी असतात की त्यांत काय घडतंय हे त्या वर्षी कुणालाच कळत नाही. आपल्या या पिशवीपुरतं ते वर्ष २००३.

त्या वर्षी ८ जानेवारीला पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपट ज्या फितीवर निघत ती नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ एकदा पेटला की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो, पाण्याखालीसुद्धा जळत राहतो. शेकडो चित्रपटांची हजारो रिळं त्या दिवशी गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या ते चित्रपट वाचले. ज्यांच्या नव्हत्या त्यांची नावं तेवढी नोंदवहीत राहिली.

हे नुकसान नवीन नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत दाखवला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात शिल्लक असलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची एकही प्रत उरलेली नाही. काही फिती जळाल्या, काही सडल्या, आणि कित्येक तर त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. तिथे पी. के. नायर नावाचा एक माणूस अक्षरशः दारोदार फिरून रिळं गोळा करत राहिला. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज पाहता येतात ते त्याने फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवलेले. नायर २०१६ साली गेले. त्यांच्यासारखी माणसं ज्या शिस्तीने काम करत तिच्यातली एक गोष्ट तुमच्या-माझ्या पिशवीला जशीच्या तशी लागू आहे: ठेवायची प्रत वेगळी आणि दाखवायची प्रत वेगळी. निगेटिव्ह तिजोरीत आणि प्रिंट प्रोजेक्टरवर. प्रिंट झिजली तर दुसरी काढता येते.

पुण्याच्या आगीच्या आदल्याच दिवशी, ७ जानेवारी २००३ ला, नॉर्वेत ओस्लोच्या न्यायालयाने यॉन लेक यूहान्सन या तरुणाला निर्दोष सोडलं. हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना, १९९९ मध्ये, त्याने अन्य काही जणांच्या मदतीने डीव्हीडीचं कुलूप उघडणारा 'डीसीएसएस' नावाचा छोटासा प्रोग्रॅम जगापुढे आणला होता. त्याला विकत घेतलेल्या डीव्हीडी आपल्या लिनक्स संगणकावर पाहायच्या होत्या, आणि लिनक्ससाठी अधिकृत प्लेअर कुणी काढलाच नव्हता. सरकारी पक्षाने अपील केलं. त्याच डिसेंबरात वरच्या न्यायालयातही तो सुटला.

कुलूप म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगायला हवं. डीव्हीडी बाजारात आली १९९६ च्या नोव्हेंबरात, जपानमध्ये. चित्रपट कंपन्यांनी ती येऊ देण्यासाठी दोन अटी घातल्या. एक, आतला मजकूर सांकेतिक करून ठेवायचा. आणि दोन, जगाचे विभाग पाडायचे. अमेरिका विभाग १, युरोप, जपान आणि आपला हा आखाती प्रदेश विभाग २, भारत विभाग ५. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर दुबईत घेतलेल्या प्लेअरवर पुण्यात घेतलेली डीव्हीडी चालता कामा नये! पुष्कळ भारतीय कंपन्यांनी शहाणपणा करून आपल्या चकत्या सर्व विभागांसाठी खुल्या ठेवल्या, म्हणून आपल्याला सुट्टीवरून येताना बॅगेतून आणलेले मराठी चित्रपट इथे पाहता आले. संगणकातल्या ड्राइव्हला मात्र पाच वेळाच विभाग बदलता येतो. पाचव्या बदलानंतर तो तिथेच कायमचा अडकतो. आपल्यासारख्या दोन देशांत संसार असलेल्या लोकांचा विचार हा नियम करताना कुणाच्या मनात नव्हता, हे उघड आहे.

तुमच्या पिशवीतल्या 'लग्न भाग १' वर असलं काहीच कुलूप नाही. शूटिंगवाल्याने आपल्या संगणकावर ती जाळली, तुम्हाला दिली, संपलं. पण बाजारातली निम्मी सॉफ्टवेअर कुलूप उघडण्याच्या जोरावर स्वतःची जाहिरात करतात आणि त्याचेच पैसे मागतात. घरच्या चकत्यांसाठी ते पैसे देण्याचं कारण नाही. विकतच्या चकत्यांबद्दल सांगायचं तर भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडण्याविरुद्ध कलम आलं, आणि अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यातही तशी तरतूद आहे. त्यामुळे पुढचं सगळं घरच्या चकत्यांपुरतं धरा. विकतच्या चित्रपटाची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते. 'बाबा' लिहिलेल्या चकतीची नसते.

आता मुळाकडे जाऊ. डीव्हीडीतलं चित्र हे आधीच दाबून लहान केलेलं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भारतातली आणि इथली जुनी दूरदर्शन पद्धत पाल. तिच्यात चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. हे न दाबता साठवायचं तर तासाला सुमारे ५६ गीगाबाइट लागतील. साध्या डीव्हीडीत जागा ४.७ गीगाबाइट. दोन तासांचं लग्न त्यात बसवायचं म्हणजे ११२ ची जागा ४.७ वर आणायची. चोवीस भागांतले तेवीस टाकायचे आणि कुणाला कळू द्यायचं नाही.

हे शक्य झालं ते एका बेंगळुरूच्या माणसामुळे. नासिर अहमद, जन्म १९४०, अभियांत्रिकी बेंगळुरूत आणि पुढचं शिक्षण अमेरिकेत. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२ मध्ये, त्यांनी एका गणिती पद्धतीवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. अर्ज नाकारला गेला. कल्पना फारच साधी आहे, असं परीक्षकांपैकी कुणाचं तरी मत पडलं. अहमदांनी काम सोडलं नाही. १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा तीन-चार पानांचा निबंध छापून आला. त्या पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक फोटो, प्रत्येक डीव्हीडी, प्रत्येक व्हिडिओ कॉल या पद्धतीवर किंवा तिच्या वंशजावर चालतो. २०२१ मध्ये 'धिस इज अस' या अमेरिकी मालिकेने त्यांची गोष्ट एका भागात गुंफली, तोवर सामान्य माणसाला हे नाव माहीतही नव्हतं. आपल्या मुलांना शाळेत शास्त्रज्ञांवर बोलायला सांगतात तेव्हा हे नाव जरूर सुचवा.

पद्धत अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौसष्ट ठिपक्यांचा उजेड एकेक करून लिहिण्याऐवजी त्या चौकोनात संथ चढउतार किती आणि बारीक खडबड किती, एवढं लिहायचं. माणसाच्या डोळ्याला संथ चढउतार चटकन दिसतो आणि बारीक खडबड फारशी जाणवत नाही, म्हणून ती ढोबळ करून टाकायची. हॉलची पांढरी भिंत जवळपास फुकटात साठते. पैठणीचा काठ महाग पडतो. त्यात भर म्हणून, डीव्हीडीत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहितात आणि मधल्या चित्रांत फक्त 'काय हललं' एवढीच नोंद करतात.

आता तुमच्या लग्नाची चकती आठवा. मंगलाष्टकं चालू आहेत, सगळं स्थिर आहे, चित्र स्वच्छ आहे. 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. नेमक्या त्या क्षणी चित्राचे चौकोन चौकोन होतात. ही कॅमेऱ्याची चूक नव्हती. हजारो बारीक दाणे, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला, आणि पुढच्या चित्रात पुन्हा सगळे वेगळे: दाबण्याच्या गणिताला यापेक्षा वाईट दृश्य सापडणार नाही. त्यात शूटिंगवाल्याने एका चकतीत अडीच तास कोंबलेले. गुलाल उधळतानाचं विसर्जन, फुलबाज्या, लेझीम, सगळ्यांची तीच गत.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना खरा प्रश्न वेगाचा नाही, किंवा खिडकी किती देखणी उघडते याचाही नाही. डीव्हीडी करताना एकदा टाकून झालं आहे. उरलेल्यातलं आता आणखी टाकायचं आहे. ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. ज्यांच्या चकत्या मुळात व्हीएचएस कॅसेटवरून काढलेल्या आहेत त्यांच्याकडे तर तिसरी झेरॉक्स. किती टाकायचं ते तुम्हाला ठरवू देणारं आणि ठरवलेलं दाखवणारं सॉफ्टवेअर हवं.

ती सहा नावं आता कालक्रमाने लावू. १९९९ च्या सुमारास 'डिव्हएक्स' आलं. फ्रान्समधल्या जेरोम रोता या तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एका कोडेकची मोडतोड करून ते सुरू केलं, पुढे त्याची रीतसर कंपनी झाली. कंपनीने आपलं काम बंद दारामागे नेलं तेव्हा बाहेर राहिलेल्यांनी स्वतःचं मुक्त कोडेक बनवलं आणि नाव ठेवलं 'एक्सव्हिड', म्हणजे डिव्हएक्सचं रोमन स्पेलिंग उलटं. त्या काळाचं ध्येय होतं अख्खा चित्रपट ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत बसवणं. चित्र कसं दिसतं याला दुय्यम स्थान होतं. आज सीडीच नाही, तर ७०० चा आकडा कशाला पाळायचा? तरी काही जुन्या मार्गदर्शनांत तो अजून दिसतो.

मग 'डीव्हीडी श्रिंक'. दोन थरांच्या साडेआठ गीगाबाइटच्या डीव्हीडीला साध्या ४.७ च्या चकतीत बसवायचं, एवढ्या एकाच कामासाठी ते झालं. आपल्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना ते प्रिय आहे, आणि त्या काळात खरंच छान होतं. पण ते चकतीतून चकती बनवतं. २००५ नंतर ते पुढे सरकलं नाही. त्याच्या जोडीचं 'डीव्हीडी डिक्रिप्टर' तर २००५ च्या जूनमध्ये कायदेशीर दबावाखाली एका दिवसात थांबलं. एका माणसाचं काम, मूळ आज्ञावली त्याच्याकडेच. तो थांबला आणि सॉफ्टवेअर तिथेच संपलं.

याच्या उलट गोष्ट हँडब्रेकची. तेही २००३ चंच. एरिक पेती या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते बीओएस नावाच्या संगणक प्रणालीसाठी लिहिलं. बीओएस आज कुणाच्या घरी नाही, पण हँडब्रेकची आज्ञावली खुली असल्यामुळे ती मॅकवर गेली, विंडोजवर आली, लिनक्सवर आली. पुढे २००६ मध्ये मूळ लेखकाशी संपर्कच होईना. दोघा स्वयंसेवकांनी उपलब्ध आज्ञावली घेऊन 'मीडियाफोर्क' नावाने काम चालू ठेवलं, मग पेतींशी गाठ पडली आणि २००७ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. पहिली 'पक्की' आवृत्ती, १.०, आली २०१६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तेरा वर्षं ती मंडळी आपल्या कामाला कच्चं म्हणत होती! मला हा गुण आवडतो.

२००३ ची चौथी घटना त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. एच.२६४ या नव्या आकुंचन-पद्धतीला मान्यता मिळाली. डीव्हीडीतल्या एमपेग-२ च्या तुलनेत तेवढंच चित्र सुमारे निम्म्या जागेत मावू लागलं. त्यानंतर एच.२६५ आलं २०१३ मध्ये, एव्ही१ आलं २०१८ मध्ये, दोन्ही आणखी काटकसरी. पण जगातला कुठलाही फोन, कुठलाही टीव्ही, आजीच्या हातातला जुना टॅब्लेटसुद्धा एच.२६४ ची एमपी४ फाइल बिनतक्रार चालवतो. डीव्हीडीचं चित्र मुळातच लहान आहे. त्यात नव्या पद्धतीने वाचणारी जागा किरकोळ, आणि ठाण्याच्या काकूंकडे ती फाइल उघडली नाही तर सगळंच व्यर्थ. माझं मत सरळ आहे: घरच्या डीव्हीडीसाठी एच.२६४ आणि एमपी४.

आता नायरांची शिस्त. आधी ठेवायची प्रत. चकतीची जशीच्या तशी प्रतिमा काढा, तिला आयएसओ फाइल म्हणतात. काहीही दाबायचं नाही, काहीही निवडायचं नाही, बिट न् बिट उतरवायचा. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह इथे कुठल्याही संगणकाच्या दुकानात मिळतो. चकतीवर ओरखडे असतील आणि वाचताना अडखळत असेल तर लिनक्सवरचं 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरा, किंवा वापरता येणाऱ्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला पकडा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं. ज्यांना आयएसओ अवघड वाटते त्यांनी 'मेकएमकेव्ही' घ्यावं. तेही पुन्हा दाबत नाही, डीव्हीडीतलं चित्र तसंच उचलून नव्या डब्यात ठेवतं. शंभर चकत्या गच्च भरलेल्या असल्या तरी ४७० गीगाबाइट होतात, म्हणजे एका टेराबाइटच्या ड्राइव्हमध्ये निम्म्याहून कमी.

यानंतर दाखवायची प्रत, आणि तिच्यासाठी हँडब्रेक. त्यात तीन ठिकाणी लक्ष द्या, बाकी आहे तसं चालतं. पहिलं, गुणवत्तेचा आकडा, ज्याला ते 'आरएफ' म्हणतात. आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसारख्या चित्रासाठी हँडब्रेकवालेच १८ ते २२ सुचवतात. अक्षता, गुलाल, नाच असेल तर मी १८ घेईन, भाषणांना २२ पुरे. 'फाइल एवढ्याच मेगाबाइटची हवी' असा हट्ट धरू नका, तो ७०० च्या जमान्याचा.

दुसरं जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण तिथेच जास्तीत जास्त घरच्या फिती बिघडतात. जुने हँडीकॅम एक चित्र दोन हप्त्यांत टिपत. आधी विषम ओळी, मग पन्नासाव्या भागाच्या सेकंदाने सम ओळी. याला इंटरलेस्ड म्हणतात. जुन्या टीव्हीवर हे डोळ्याला कळत नसे. संगणकावर मात्र हलणाऱ्या माणसाच्या कडांना फणीसारखे दाते फुटतात. फुगडी घालणाऱ्या बायकांकडे पाहा, लगेच दिसेल. हँडब्रेकच्या फिल्टरांत 'डीइंटरलेस' आहे, ते चालू करा, आणि त्यातला 'बॉब' हा पर्याय निवडला तर सेकंदाला ५० चित्रं मिळून हालचाल पूर्वीसारखी सुळसुळीत राहते. जाहिरातबाज 'एका क्लिकमध्ये' सॉफ्टवेअर हे विचारतही नाहीत. दाते चित्रात कायमचे भाजले जातात, मग ते काढणं फार कठीण. हा एक मुद्दा कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा म्हणून वापरा. त्याला इंटरलेसिंग कळत नसेल तर पुढे पाहूच नका.

तिसरं, चित्राचा आकार. डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात. त्यांचा मान राखला नाही तर जुन्या चौकोनी चित्रातले सगळे किंचित बारीक दिसतात, आणि टीव्हीने ताणलं की आडवे होतात. आजोबा जाड नव्हते, हे नातवंडांना कळलं पाहिजे. हँडब्रेक हे प्रमाण आपोआप सांभाळतो, फक्त 'रुंदीभर ताणा' असल्या मोहात पडू नका.

ग्राफिक्स कार्डच्या जोरावर 'पन्नासपट वेगवान' म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच, की तो वेग खरा असतो, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलीत चित्र सहसा कमी प्रतीचं येतं. रात्री संगणक चालू ठेवून झोपलात तरी काम होतंच. फुकट चाचणीच्या आवृत्त्या चित्राच्या मधोमध आपलं नाव छापतात किंवा काही मिनिटांतच थांबतात, हे अर्धी रात्र गेल्यावर कळतं. आणि हँडब्रेक घ्यायचा तो त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच, शिवाय उतरवलेली फाइल तिथे दिलेल्या खुणेशी ताडून. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्याच एका सर्व्हरवर मॅकच्या प्रतीत चार दिवस कुणीतरी घातक प्रोग्रॅम मिसळून ठेवला होता. लक्षात आल्यावर त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं.

घाई का करायची, हेही सांगतो. दुकानातली चित्रपटाची डीव्हीडी साच्यात दाबून बनवलेली असते, खड्डे प्लास्टिकमध्ये आणि वर ॲल्युमिनियम. घरी लिहिलेल्या चकतीत मात्र सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझर तो तापवून त्यावर डाग पाडतो. उष्णतेने लिहिलेलं उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू विरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवरची एसी नसलेली खोली, गॅरेज, गाडीची डिकी: चकत्या ठेवण्यासाठी याहून वाईट जागा शोधायला लागेल. ती खराब होताना आवाज होत नाही, वासही येत नाही. चकती दिसायला चकचकीत असते आणि एका दिवशी ड्राइव्ह तिला 'रिकामी' म्हणतो. २००५ च्या सुमारास छोट्या, आठ सेंटिमीटरच्या चकतीवर थेट चित्रण करणारे कॅमेरे ज्यांनी हौसेने घेतले त्यांनी तर आधी तो कॅमेरा आणि त्याचा चार्जर शोधावा. त्या चकत्या कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' केल्याशिवाय दुसऱ्या यंत्राला बहुधा वाचताच येत नाहीत.

आणि इथे वाढलेल्या मुलामुलींनो, हे काम तुमच्या हातून आमच्यापेक्षा झटपट होईल, पण एक भाग तुम्हाला एकट्याने जमणार नाही. चकती उघडली की आत फायलींची नावं दिसतील: व्हीटीएस ०१ १, व्हीटीएस ०१ २. सगळ्यांच्या घरी हीच. कुठलंही सॉफ्टवेअर यातून ही मुंज कुणाची ते सांगू शकत नाही. म्हणून आई-बाबांना शेजारी बसवा. फाइलीला नाव देताना आधी साल, मग प्रसंग, मग गाव. शेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि थांबवत थांबवत विचारा. पंगतीत आग्रह करणारे ते कोण? औक्षण करणारी ती? मागे खुर्चीवर एकट्याच बसलेल्या त्या आजी आपल्या की नवऱ्या मुलीकडच्या? बाराव्या मिनिटाला कोण, चाळिसाव्या मिनिटाला कोण, लिहून काढा. बाबांना चार नावं आठवणार नाहीत, ती पुण्याच्या आत्याला फोन लावून विचारा, आणि फोन लावलाच आहे तर एक ड्राइव्ह तिच्याकडे ठेवायला देणार असल्याचंही सांगून टाका. आत्याचं कपाट आपल्या गच्चीवरच्या खोलीपेक्षा थंड असतं.